अकरावी गोष्ट

औरंगाबाद,
१२ जानेवारी २०१४

चि. दर्शू,

सप्रेम जय भीम.

फोनवर तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानेच लावून घेते. मागच्या खेपेला तू म्हणालीस सुगतला बढती मिळाली आणि मी सगळ्या गल्लीत सांगितलं की जावयाला सर्दी झाली. तेव्हा आता पत्र. तुला लिहायचा कंटाळा असेल तर आत्तापासून सवय कर.

काम असं आहे. तो अमेरिकेतला मोठा लेखक हार्टविक, तो दोन महिन्यांपूर्वी वारला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागले तेव्हा कोंबड्या पाळायला शिकवणारा एक अमेरिकन पोरगा गावात होता. परत जाताना त्याच्या बापाने जपलेल्या जुन्या साप्ताहिकांच्या दोन पेट्या तो आमच्याकडे टाकून गेला. त्यात या हार्टविकच्या अगदी कोवळ्या वयातल्या गोष्टी होत्या. मी त्या मराठीत केल्या आणि ‘पारंबी’ त्रैमासिकात अडुसष्ट ते एकाहत्तर अशा छापून आल्या. पुढे हा माणूस जगात गाजला, पण या गोष्टी त्याने कुठल्याच पुस्तकात घेतल्या नाहीत. दुसऱ्या कुणी घेऊ पाहिलं तर कोर्टात खेचलं.

आता तो गेल्यावर तिकडच्या पेपरात त्या जुन्या गोष्टींची नुसती नावांची यादी आली. पुण्याच्या प्रा. पद्माकर केळशीकरांनी ती माझ्या गोष्टींशी ताडून पाहिली, एकही नाव जुळेना, आणि रविवारच्या पुरवणीत अर्धं पान लिहून टाकलं की या बाईंनी स्वतःच काहीतरी खरडलं आणि वर मोठ्या माणसाचं नाव चिकटवलं. अगं, त्या काळी कोण मूळ नाव ठेवत होतं? सगळेच बदलत. मी वहीत अंकाची तारीख आणि पान तेवढं लिहून ठेवलं. पेट्या तर मी बदलीवर असताना रद्दीत गेल्या.

प्रकाशक शैलाताई माझ्या पंचाहत्तरीला डिसेंबरात या गोष्टींचं पुस्तक काढणार होत्या. त्या म्हणतात, आधी मूळ अंक दाखवा, मग पुढची परवानगी वगैरे बघू. पुस्तक गेलं तर गेलं. पण लबाड म्हणवून घेऊन मी मरणार नाही, हे तुला सांगून ठेवते. शैलाताईंना दिलेल्या प्रतीची झेरॉक्स आणि दहा तारखांचा कागद सोबत आहे. सिंगापुरात सगळं मिळतं असं तुझा बाप सांगत असतो. मग हे शोध.

उल्काला पापी.

तुझी आत्या


पुंगोल, सिंगापूर,
२ फेब्रुवारी २०१४

आत्या,

जय भीम. शाळेनंतर हाताने लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. अक्षराला हसू नकोस.

केळशीकरांचा लेख मला तुझ्या पत्राआधीच कळला होता. लॅबमधली पुण्याची एक जण मोबाइल पुढे करून म्हणाली, “या तुमच्याच ना?” मी हो म्हटलं. तिने “अच्छा” म्हटलं आणि लगेच पॉलिमरच्या सॅम्पलबद्दल बोलायला लागली. त्या “अच्छा”ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सुगत म्हणतो, सोडून दे, पुरवणी कोण वाचतं. मी त्याला म्हटलं, माझी आत्या वाचते.

ते साप्ताहिक इंटरनेटवर नाही. बंद पडून पन्नास वर्षं झाली. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात आहे म्हणतात, पण ते पत्राला उत्तर देत नाहीत. म्हणून मी इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून विचारायला सुरुवात केली आहे. इथे तेलाच्या कंपन्यांचे अमेरिकन लोक खूप वर्षं राहिलेत, त्यांचे क्लब होते. कुठेतरी काहीतरी पडलं असेल.

गोष्टी सगळ्या वाचल्या, LRT मध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या छोट्या रेल्वेत, बसून. खरं सांगू का, पहिल्या चार-पाच मला बेताच्याच वाटल्या. पण ‘दुकानाची पायरी’ वाचताना माझं स्टेशन निघून गेलं. आमची LRT गोल फिरते, म्हणून पुन्हा एक फेरी मारून उतरले. अख्ख्या गठ्ठ्यात तीच एक गोष्ट.

आणि एक, झेरॉक्समध्ये गोष्टी अकरा आहेत, तुझ्या कागदावर तारखा दहा. नेमकी ‘पायरी’चीच तारीख राहिली आहे. वहीत बघून कळव.

तुझी,
दर्शू


औरंगाबाद,
२० फेब्रुवारी २०१४

चि. दर्शू,

जय भीम. पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बापावर गेलंय, त्याला इलाज नाही.

त्या गोष्टीची तारीख वहीत नाही. ती सोड. दहा सापडल्या की काम झालं.

केळशीकर परवा इथे व्याख्यानाला आले होते. मी गेले. कानाला यंत्र लावून पहिल्या रांगेत बसले. ते ‘अनुवादातील प्रामाणिकपणा’ यावर दीड तास बोलले आणि माझं नाव न घेता मलाच बोलले. आभाराच्या आधी मी उठून म्हटलं, सर, ती हिरा मी. अंक आणून तुमच्या टेबलावर ठेवते, तोवर तब्येतीला जपा.  संयोजकांनी मला चहा दिला, बहुतेक मी जावं म्हणून. मी चहा प्यायले आणि तिथेच बसून राहिले.

तेव्हा आता माघार नाही. तू दुकानदारांना नीट समजावून विचार. लाजू नकोस.

तुझी आत्या


पुंगोल,
२७ एप्रिल २०१४

आत्या,

खुर्चीवर बसून वाच. सापडल्या.

ब्रास बासामधल्या एका दुकानदाराने सांगितलं की अमेरिकनांचा एक क्लब बंद झाला तेव्हा तिथल्या वाचनालयाचे बांधीव खंड मिस्टर टॅन नावाच्या म्हाताऱ्याने उचलले होते. हे टॅन अंकल हार्बरफ्रंटला बोटींच्या कंपनीत कारकून होते आणि आता यिशुनला एकटे राहतात. मी MRT ने, म्हणजे इथल्या मेट्रोने, तिकडे गेले. दोन खोल्यांचा फ्लॅट, त्यातली एक खोली नुसती कागदांची. ते या साप्ताहिकांवरून इंग्रजी शिकले म्हणे. मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, “कॅन. बट कॅनॉट टेक होम.” म्हणजे बघ, लिही, फोटो काढ, पण खंड उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

त्यानंतर पाच रविवार मी तिथे बसले. टॅन अंकल कोपी, म्हणजे इथली कॉफी, करून देतात आणि पान उलटताना माझ्या हातांकडे लक्ष ठेवतात. तुझ्या तारखा एकूण एक बरोबर निघाल्या. तुझा ‘उसना कोट’ म्हणजे ‘अ सॅटरडे कोट’, यादीत तिसरा. दहाच्या दहा त्या यादीत आहेत. मी पानं शेजारी ठेवून तुझं मराठी वाचलं. दोन ठिकाणी तू त्याच्यापेक्षा बरं लिहिलंयस, हे मी आत्या म्हणून नाही सांगत.

फोटो शैलाताईंना ईमेल केलेत, एक प्रत केळशीकरांना पण. तुला छापील प्रती कुरिअरने येतील.

आता राहिली फक्त ‘पायरी’. टॅन अंकलकडे १९३८ पासूनचे खंड आहेत. एकेक पान उलटून काढीन.

तुझी,
दर्शू


औरंगाबाद,
१४ मे २०१४

चि. दर्शू,

पाकीट आलं. मी ती पानं दोन दिवस उशाशी घेऊन बसले. त्या कागदाचा वास येईल असं वाटलं होतं, पण हे फोटो आहेत, त्यांना कसला वास. तरी चष्मा सारखा ओला होत होता.

तुझ्या टॅन अंकलना माझा नमस्कार सांग. पुस्तक उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही म्हणजे माणूस अस्सल ग्रंथपाल आहे. मी तेच केलं असतं तर पेट्या वाचल्या असत्या.

केळशीकरांनी पुरवणीत चार ओळींची दिलगिरी छापली आहे, तीही हवामानाच्या चौकटीखाली. भिंगाने शोधून मी ती कापून ठेवली. शैलाताईंचा पण निरोप आला, डिसेंबर नक्की. मला दोन घास जास्त गेले त्या दिवशी.

आता झालं ते पुष्कळ झालं. ती अकरावी सोड म्हणून मी आधीच सांगितलं होतं. रविवार उल्काला दे. म्हाताऱ्याला उगीच त्रास देऊ नकोस.

तुझी आत्या


पुंगोल,
६ जुलै २०१४

आत्या,

मी तुझं ऐकलं नाही. आणखी सात रविवार यिशुनला गेले. १९३८ ते ५१, एक पान सोडलं नाही. ‘पायरी’ त्यात नाही. यादीतही तिच्यासारखं नाव नाही.

मला वाटलं, दुसऱ्या कुठल्यातरी मासिकात असेल, तुझ्या लक्षात राहिलं नसेल. त्या भरवशावर मी शैलाताईंना मे महिन्यातच लेखी कळवून टाकलं होतं की अकराही खऱ्या आहेत, शेवटचीचा फोटो तेवढा मागाहून येईल. त्यांनी तसं जाहीरही केलं.

मग गेल्या शनिवारी उल्काने हट्ट धरला, औरंगाबादच्या आजीची स्टोरी सांग. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून मी ‘पायरी’ इंग्रजीत करून सांगत होते. कॅन्ससमधलं गाव, कपडे धुणारी काळी मार्था, उन्हाची वेळ. ती दुकानाची पायरी चढत नाही, खाली उभी राहून पाणी मागते. दुकानदाराची बायको वरून पाण्याचा जग तिरका करते, मार्था खाली ओंजळ धरते आणि तिच्या बाह्या भिजतात. इथे उल्काने मला थांबवलं. इथल्या इंग्रजीत म्हणाली, “बट मम्मा, व्हाय शी पोअर फ्रॉम सो हाय? जस्ट गिव्ह हर द कप, लाह.”

तेच मी रविवारी टॅन अंकलना विचारलं, त्यांनी आयुष्यभर तीच साप्ताहिकं वाचलीत. ते म्हणाले, तिथे काळ्यांना वेगळा नळ असायचा, वेगळा पेला असायचा, नाहीतर हाकलून द्यायचे. वरून ओतलेलं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं.

आत्या, कॅन्ससमध्ये असं पाणी कोणी देत नाही. असं पाणी कुठे देतात ते मला बाबांनी कधी सांगितलं नाही, पण मी पुस्तकांतून वाचलंय.

ही गोष्ट कोणाची आहे?

दर्शू


औरंगाबाद,
२४ जुलै २०१४

दर्शू,

माझी आहे.

चाळीस वर्षांवर झाली, कुणी विचारलं नव्हतं. तुझ्या सात वर्षांच्या पोरीने विचारलं. दहा सापडल्या की अकरावीला कोण पुसतंय असं मला वाटलं होतं. आणि शैलाताईंना प्रत देताना ती वगळायला माझा हात धजला नाही, हेही खरंच.

आता सगळं ऐक. मी एकोणसत्तर-सत्तरमध्ये ‘पारंबी’ला माझ्या स्वतःच्या गोष्टी पाठवायची. संपादक निशिकांतराव वर्तक. माणूस सभ्य, पत्राला पत्र द्यायचे. सात गोष्टी पाठवल्या आणि साती परत आल्या. दर वेळी तेच, “अनुभव अस्सल आहे, पण भाषा अजून घडायची आहे.” आणि त्याच टपालात वर, “हार्टविकचं पुढचं भाषांतर कधी पाठवता?” म्हणजे त्याची भाषा माझ्या हातून गेली की घडलेली, आणि माझी माझ्याच हातून आली की कच्ची. माझं डोकं फिरलं. आठवी गोष्ट लिहिली, गावाचं नाव बदललं, बाईचं नाव मार्था केलं आणि पाकिटावर हार्टविक लिहिलं. त्यांनी ती अंकाच्या पहिल्या पानावर घेतली. वर स्वतःची टीप टाकली की इतकी धीट नजर आपल्याकडच्या लेखकांना कधी लाभणार. तो अंक मी ग्रंथालयात उभ्याने वाचला आणि इतकी हसले की शिपाई बघायला आला. घरी गेल्यावर रडले.

ती मार्था म्हणजे तुझी पणजी नव्हे, आजी. माझी आई. मी तिच्या पदराला धरून उभी होते, सहा-सात वर्षांची. कॅन्सस मी कुठे पाहिलं होतं? मला वाटलं, आपल्यासारखी माणसं तिथेही आहेत म्हणजे पाणी असंच देत असणार. जगात सगळीकडे असंच देत असतील, याची मला इतकी खात्री होती की ती ओळ लिहिताना पेन अडलं नाही. आणि निशिकांतरावांचंही अडलं नाही, तुमच्या केळशीकरांचंही नाही. ती गोष्ट ते वीस वर्षं वर्गात शिकवायचे, अमेरिकन वास्तववाद म्हणून. सगळ्यांनी तसं पाणी पाहिलेलं होतं, म्हणून कुणाला ते खटकलं नाही.

शेवटी मार्था ओंजळ उघडते, पाणी त्याच पायरीवर सांडू देते आणि तहानलेलीच निघून जाते. माझी आई प्यायली होती. उन्हाची चार कोस चालून आलेली बाई काय करील? ती प्यायली, म्हणून मी मार्थाला पिऊ दिलं नाही.

चूक केली असेल तर केली. मला लाज वाटत नाही.

आत्या


पुंगोल,
१० ऑगस्ट २०१४

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तीनदा रागावले. आजीचं मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्ही पुढे जा, मागचं कशाला. हा एक राग.

दुसरा राग तुझ्यावर. मला आधी सांगायचं होतंस. मी लेखी शब्द दिलाय. केळशीकरांना हे कळलं तर ते हवामानाच्या चौकटीखाली छापणार नाहीत, पहिल्या पानावर छापतील. आणि ते तुझ्या एकटीवर थांबणार नाही. म्हणतील, ही माणसं अशीच. ते “अच्छा” मी इथे रोज ऐकीन, बाबा तिथे ऐकतील.

मी शैलाताईंशी आडून बोलले. अकरावीचं मूळ मिळत नाही एवढंच सांगितलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, पानं वाढत होती, दहाच घेऊ, एक गाळली म्हणून कोणी विचारणार नाही. डिसेंबरात तुझं पुस्तक येईल, तुझं नाव धुऊन निघालेलं आहे. फक्त गप्प राहायचंय. आयुष्यभर भांडलीस, आता पंचाहत्तरीला एकदा गप्प राहा ना. मी हात जोडते.

दर्शू


औरंगाबाद,
२९ ऑगस्ट २०१४

चि. दर्शू,

जय भीम.

हात जोडू नकोस, तुला शोभत नाही.

तुझी भीती मला कळते. पण तू काय सुचवतेस ते एकदा माझ्या बाजूने वाच. दहा गोष्टी त्या गोऱ्या माणसाच्या, त्या ठेवायच्या, आणि माझी तेवढी गाळायची. निशिकांतरावांनी साती परत केल्या, आता आठवी मी स्वतःच्या हाताने परत करू?

आणि त्या हार्टविकचा पण मी पुष्कळ विचार केला. त्याने त्या दहा गोष्टी जन्मभर पुस्तकात येऊ दिल्या नाहीत. कच्च्या आहेत, मला भाषांतर करतानाच कळत होतं, दोन ठिकाणी तर मीच सावरून घेतलं, तू बरोबर ओळखलंस. त्याच्या त्याला नको होत्या. तो मेला म्हणून आपण त्याच्या मनाविरुद्ध त्या बाजारात मांडायच्या, हे मला पटत नाही. माझी मला हवी आहे.

म्हणून मी दोन पत्रं काल टाकली. एक शैलाताईंना, पुस्तक छापू नका म्हणून. तुझा त्यात दोष नाही, मी तुझ्यापासून लपवलं, असं स्वच्छ लिहिलंय. दुसरं पुरवणीच्या संपादकांना. त्यात लिहिलंय की प्राध्यापक केळशीकरांचा आरोप अकरातल्या एका गोष्टीपुरता खरा आहे. ती मी लिहिली. त्यांनी ती वीस वर्षं उत्तम कथा म्हणून शिकवली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. आता त्यांनी तीच कथा माझ्या नावावर शिकवून दाखवावी. खोटं नाव लावलं ही माझी चूक, आणि खऱ्या नावाने ती छापली गेली नसती ही कोणाची चूक, ते वाचकांनी ठरवावं.

रागाव हवं तर. पत्र पेटीत पडलंय.

तुझी आत्या


पुंगोल,
१२ ऑक्टोबर २०१४

आत्या,

जय भीम.

तुझं पत्र त्यांनी पूर्ण छापलं. पुढच्या रविवारी केळशीकरांचं उत्तर आलं, शीर्षक ‘अखेर कबुली’. तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही. शैलाताईंनी मला दोन ओळींची ईमेल केली, पुस्तक रद्द, खेद आहे. मी त्यांची माफी मागितली, कारण माझा शब्द खोटा ठरला होता. त्यापलीकडे काही म्हटलं नाही.

काल इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची मीटिंग होती. मी जाणार नव्हते. सुगत म्हणाला, तू नाही गेलीस तर मी जाईन आणि मला तुझ्याएवढं बोलता येत नाही. मग गेले. एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, “त्या अमेरिकन लेखकाच्या नावावर लिहिणाऱ्या बाई तुमच्या आत्या ना?” मी म्हटलं, “हो. आणि ती गोष्ट माझ्या पिशवीत आहे. दहा मिनिटांची आहे, ऐका.” कोणी हो म्हणायच्या आत मी वाचायला लागले.

कार्यक्रमाची यादी हातात धरून वीस माणसं बसली होती. दोघं मधेच उठून गेले. बाकीचे ऐकत होते. गोष्ट संपली. मग स्मिता म्हणून एक कोल्हापूरच्या बाई आहेत, साठीच्या, मुलाकडे राहतात. त्या म्हणाल्या, “आमच्या दुकानात माझी आजी असंच पाणी घालायची. मी तांब्या भरून द्यायचे.” एवढंच बोलल्या आणि रुमाल शोधायला लागल्या. मला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं नाही. पण त्या बोलल्या, हे मी तुला सांगायला हवं.

मी ऑगस्टमध्ये जे लिहिलं ते भिऊन लिहिलं. मला गप्प राहायला सांगायचा अधिकार नव्हता.

आता माझं ऐक. त्या परत आलेल्या सात गोष्टी तुझ्याकडे आहेत? असतील तर पाठव. मी टाईप करते, सुगत पानं लावेल, औरंगाबादेत छापून घेऊ. कुणाला विचारायचं नाही. आणि हार्टविकच्या दहांचं काय करू ते सांग.

तुझी,
दर्शू


औरंगाबाद,
३० ऑक्टोबर २०१४

चि. दर्शू,

जय भीम.

त्या दहा टॅन अंकलच्या खोलीत आहेत, तिथेच राहू देत. फोटो पुसून टाक.

साती आहेत. सोबत पाठवते. प्रत्येकीला निशिकांतरावांचं परतीचं पत्र टाचणीने लावलेलं आहे, टाचण्या गंजल्यात, हात सांभाळ. ती पत्रं पण छाप, गोष्टीच्या मागे, जशीच्या तशी. ते हयात नाहीत, उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल माझा एकही शब्द त्यात नको. त्यांचं तेच बोलले आहेत.

मी एकेक पुन्हा वाचून काढली. तिसरी लांबली आहे. सहावीत मला स्वतःचंच कौतुक फार आहे. म्हणून तुला आधीच बजावते, काही सुधारायचं नाही. तुला एखादा शब्द गावंढळ वाटेल, एखादं वाक्य वाकडं वाटेल, कॉम्प्युटर खाली लाल रेघ मारेल. मारू दे. त्या वयात मी जशी बोलत होते तशीच ती पानं बोलली पाहिजेत. पंचेचाळीस वर्षं थांबले ती कुणाकडून दुरुस्त करून घ्यायला नाही.

केळशीकरांना पहिली प्रत मी स्वतः नेऊन देणार आहे. तुझ्या बापाला सांगितलं, गाडी काढ. तो नको म्हणाला. मग मी म्हटलं, मी एसटीने जाते. आता तो येतोय.

शेवटचं, नावाचं. ‘पारंबी’त माझ्या नावाची जागा आली की निशिकांतराव नुसतं ‘हिरा’ छापायचे. आडनाव वाचून वर्गणीदार बिचकतात, असं त्यांनी मला एकदा चहा पाजून समजावलं होतं, आणि मी मान हलवली होती. ती मान हलवल्याचा मला त्या खोट्या नावाहून जास्त राग आहे. तेव्हा मुखपृष्ठावर मी खाली लिहिते आहे तसंच छाप, मोठ्या अक्षरात, बापाच्या नावासकट.

हिरा नामदेव खिल्लारे